अजानच्या वेळचे शिष्टाचार

अजानच्या वेळचे शिष्टाचार म्हणजे नमाजाची हाक (अजान) कानी पडल्यावर ऐकणाऱ्याने कसे वागावे यासंबंधीचे इस्लाम धर्मातील संकेत. अरबी-उर्दू परंपरेत त्यांना ‘आदाब’ असे म्हणतात. अजान दिवसातून पाच वेळा होते. त्या वेळी माणूस शेतात, दुकानात, स्वयंपाकघरात, वर्गात, एस.टी. बसमध्ये किंवा रुग्णशय्येपाशी कोठेही असू शकतो. त्यामुळे हे संकेत मशिदीच्या आतल्यापेक्षा मशिदीबाहेरच्या व्यवहाराशी अधिक निगडित आहेत. त्यांतील काहींना हदीस (प्रेषितांच्या उक्ती व आचार यांचे संग्रह) व धर्मशास्त्र यांचा आधार आहे. काही केवळ लोकरूढी आहेत. हे दोन प्रकार नेहमीच्या बोलण्यात सर्रास एकमेकांत मिसळतात. ते शक्य तेथे वेगळे करून दाखवणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील व्यवहाराचा विचार केला असून, जेथे अजान ऐकूच येत नाही अशा चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील, विशेषतः हेमलकसा परिसरातील, स्थितीसाठी स्वतंत्र विभाग दिला आहे.

शब्दविचार

‘अजान’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘जाहीर करणे, कळवणे’ असा आहे. कान या अर्थाचा अरबी शब्द याच धातूपासून आला आहे. अजान देणाऱ्यास मुअज्जिन म्हणतात. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी वापरतात: अजान झाली, अजान दिली. त्याहून जुना व खेड्यापाड्यांत अधिक रुळलेला शब्द म्हणजे ‘बांग’. तो फारसीतून आला असून पुकारा, आवाज असा त्याचा अर्थ आहे. मराठीने हाच शब्द कोंबड्याच्या आरवण्यालाही दिला. दोन्ही आवाज पहाटेशी जोडलेले असल्याने त्यात नवल नाही आणि मूळच्या वापरात उपहासही नाही. गावगाड्यात मशिदीची देखभाल व बांग देणे ही कामे अनेक ठिकाणी मुलाण्याकडे असत. ‘मुलाणी’ हे आडनाव आजही पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा येथे आढळते.

उगम

इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मुहंमद मक्केहून मदीनेस गेल्यावर तेथे सामुदायिक नमाज सुरू झाली. आरंभी लोक वेळेचा अंदाज घेऊन जमत. पुढे खूण कोणती करावी याचा विचार झाला तेव्हा ख्रिस्ती लोकांप्रमाणे लाकडी फळी वाजवणे, यहुदी लोकांप्रमाणे शिंग फुंकणे असे पर्याय पुढे आले. अब्दुल्लाह बिन जैद या अनुयायास स्वप्नात अजानचे शब्द ऐकू आले आणि उमर यांनीही तसेच स्वप्न पडल्याचे सांगितले, असे हदीसग्रंथांत नोंदले आहे. प्रेषितांनी ते शब्द मान्य करून बिलाल यांना ते पुकारण्यास सांगितले, कारण त्यांचा आवाज अधिक चांगला व दूरवर पोचणारा होता. बिलाल हे हबशी वंशाचे, पूर्वी गुलाम असलेले गृहस्थ. मदीनेतील दुसरे मुअज्जिन इब्न उम्म मकतूम हे अंध होते. घंटा किंवा शिंग न निवडता मानवी आवाज निवडला गेला, या गोष्टीचा अजानच्या शिष्टाचारांवर मोठा परिणाम झाला आहे: वाद्याला उत्तर देता येत नाही, माणसाच्या हाकेला देता येते.

अजानचे बोल आणि उत्तर

हनफी पद्धतीत अजानची १५ वाक्ये आहेत. ‘अल्लाहु अकबर’ (अल्लाह सर्वश्रेष्ठ आहे) चार वेळा. अल्लाहखेरीज कोणी उपास्य नाही आणि मुहंमद हे अल्लाहचे प्रेषित आहेत, या दोन साक्षी प्रत्येकी दोनदा. ‘हय्य अलस्सलाह’ (नमाजाकडे या) व ‘हय्य अललफलाह’ (कल्याणाकडे या) प्रत्येकी दोनदा. पुन्हा ‘अल्लाहु अकबर’ दोनदा आणि शेवटी ‘ला इलाह इल्लल्लाह’ एकदा. पहाटेच्या (फज्रच्या) अजानमध्ये ‘अस्सलातु खैरुम मिनन्नौम’ (झोपेपेक्षा नमाज उत्तम) हे वाक्य दोनदा वाढते व संख्या १७ होते.

ऐकणाऱ्याने मुअज्जिनचे प्रत्येक वाक्य संपल्यावर तेच वाक्य हलक्या आवाजात म्हणावे, हा सर्वांत महत्त्वाचा शिष्टाचार. बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांत तो आला आहे. यास दोन अपवाद आहेत. ‘नमाजाकडे या’ व ‘कल्याणाकडे या’ ही निमंत्रणे आहेत. बोलावणाऱ्याला उलट तेच बोलावणे करणे विसंगत ठरेल. म्हणून तेथे ‘ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह’ (अल्लाहच्या साहाय्यावाचून कोणतेही सामर्थ्य नाही) असे म्हणतात. येण्याची इच्छा आहे, पण येण्याचे बळही त्याच्याकडूनच मिळेल, असा त्यातील भाव. फज्रच्या वाढीव वाक्याला हनफी व शाफई परंपरेत ‘सदक्त व बरर्त’ (तू खरे बोललास, भले केलेस) असे उत्तर देतात. काही विद्वान तेथेही मूळ वाक्यच म्हणावे असे मानतात.

अजान संपल्यावर प्रेषितांसाठी दुरूद म्हणतात व नंतर एक छोटी प्रार्थना करतात. तीत या परिपूर्ण हाकेच्या स्वामीकडे मुहंमदांसाठी ‘वसीला’ म्हणजे परलोकातील श्रेष्ठ स्थान मागितले जाते. अजान व इकामत यांमधला काळ दुआसाठी विशेष अनुकूल मानला जातो. इकामत म्हणजे प्रत्यक्ष नमाज उभी राहण्यापूर्वी मशिदीत दिलेली दुसरी हाक. तिचे शब्द बहुतांशी तेच असले तरी ती जलद म्हटली जाते. अजान मात्र थांबत थांबत द्यायची असते, जेणेकरून ऐकणाऱ्याला मधल्या विरामात उत्तर देता यावे. हा विराम ऐकणाऱ्याच्या हक्काचा आहे, ही गोष्ट घाईने बांग देणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तोंडी उत्तर किती बंधनकारक? हनफी शास्त्रकारांपैकी काहींनी ते वाजिब (आवश्यक) मानले. पण अनेकांच्या मते वाजिब आहे ते पावलांनी दिलेले उत्तर, म्हणजे नमाजासाठी निघणे. जिभेने दिलेले उत्तर मुस्तहब (श्रेयस्कर) आहे. शाफई, मालिकी व हंबली परंपरांतही तोंडी उत्तर सर्वसाधारणपणे श्रेयस्करच मानले जाते. ते राहून गेले तर पाप लागत नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ. पुढील सर्व प्रसंग या कसोटीवर वाचावेत.

दैनंदिन प्रसंग

संभाषण. अजान चालू असता बोलणे थांबवून ऐकणे चांगले. दोघे बोलत असतील तर वाक्य पुरे करून थांबतात. दूरध्वनीवर असतील तर ‘अजान होते आहे, दोन मिनिटांनी करतो’ असे सांगून ठेवून देतात. हे सौजन्य आहे, निषिद्धाचा नियम नाही. आवश्यक बोलणे, ग्राहकाला उत्तर, मुलाला सूचना यांस हरकत नाही. ‘अजानमध्ये जो बोलतो त्याला मरणसमयी कलमा म्हणता येत नाही’ असे एक वचन घरोघरी मुलांना ऐकवले जाते. त्याला प्रमाण हदीसांत आधार नाही, असे अनेक विद्वानांनी स्पष्ट सांगितले आहे. मुलांना शांत बसवण्यासाठी भीतीचा असा उपयोग करावा की नाही हा वेगळा प्रश्न. पण प्रेषितांच्या तोंडी नसलेले वाक्य घालणे इस्लामी परंपरेतच गंभीर दोष मानले जाते, हे येथे नमूद केले पाहिजे.

कुरआनपठण. एकटा वाचणारा आयत पूर्ण करून थांबतो, उत्तर देतो व पुन्हा वाचू लागतो. पठण नंतरही करता येते, अजानचे उत्तर त्या वेळीच देता येते, असे यामागचे कारण दिले जाते. धर्मविद्येचा पाठ चालू असल्यास हनफी ग्रंथांनी शिक्षक व विद्यार्थी दोघांना उत्तरातून सूट दिली आहे. मदरशांत तरीही बहुधा पाठ थांबवतात.

भोजन. जेवणाऱ्याला हनफी शास्त्रात उत्तरातून सवलत आहे. मनात ऐकावे, तोंडात घास नसेल तर उत्तर द्यावे. अन्न वाढून झाले आणि तेवढ्यात इकामत झाली तर आधी जेवून घ्यावे, घाई करू नये, असे बुखारी व मुस्लिम यांत आले आहे. भुकेल्या माणसाचे लक्ष नमाजात लागत नाही, हा साधा व्यवहार त्यामागे आहे.

स्नानगृह व शौचालय. तेथे अल्लाहचे नाव उच्चारत नाहीत, म्हणून उत्तरही देत नाहीत. बाहेर आल्यावर फार वेळ गेला नसेल तर राहिलेले उत्तर देता येते.

घरकाम. भाकरी थापणे, झाडणे, विणकाम, शेतातील खुरपणी अशी हातांची कामे थांबवण्याची गरज नाही. ओठ मोकळे असतात. स्त्रियांसाठीही उत्तर देणे तितकेच श्रेयस्कर आहे. अजान ऐकताच डोक्यावर पदर किंवा ओढणी घेण्याची पद्धत महाराष्ट्रातील मुस्लिम घरांत सार्वत्रिक आहे. ती आदराची रूढी आहे. अजानसाठी म्हणून तसा स्वतंत्र शास्त्रादेश नाही. मासिक पाळीतील स्त्रीने उत्तर द्यावे काय, यावर मतभेद आहेत: बहुतेक परंपरांत ती देऊ शकते, हनफी ग्रंथ तिच्यावर ते लागू करत नाहीत.

दूरचित्रवाणी, संगीत. आवाज बंद करतात. लग्नघरी बँड किंवा सनई चालू असल्यास यजमान हाताने खूण करून वाद्ये थांबवतो. व्याख्यान किंवा प्रचारसभा चालू असता अजान झाली तर वक्ते क्षणभर थांबतात. हा प्रघात मुस्लिमेतर वक्त्यांनीही अनेकदा पाळलेला दिसतो.

ध्वनिमुद्रित अजान. मोबाईलच्या गजरातील, रेडिओवरील किंवा ध्वनिमुद्रित अजानला उत्तर देणे अनेक विद्वानांच्या मते लागू होत नाही, कारण तेथे हाक देणारा माणूस त्या क्षणी उपस्थित नसतो. थेट प्रक्षेपणाबाबत मते भिन्न आहेत. अजान हा गजराचा आवाज म्हणून ठेवणाऱ्यांनी ती शौचालयात किंवा गडबडीत अर्ध्यावर तोडावी लागते, हे लक्षात घेऊन दुसरा आवाज निवडावा असाही सल्ला दिला जातो.

अनेक मशिदींची अजान. मालेगाव, भिवंडी किंवा मुंबईतील डोंगरीसारख्या वस्त्यांत एकामागून एक आठ-दहा अजान कानी येतात. पहिल्या अजानला उत्तर दिले की पुरते. सर्वांना दिल्यास अधिक पुण्य. आपल्या मोहल्ल्याच्या अजानकडे लक्ष द्यावे, असेही काही सांगतात.

मशिदीत असताना. अजान झाल्यावर नमाज न पढता सबळ कारणाशिवाय मशिदीतून बाहेर पडणे गैर मानतात. याउलट इकामत ऐकून धावत सुटणेही गैर आहे. शांतपणे चालत यावे, जेवढी नमाज मिळेल तेवढी पढावी व राहिलेली पुरी करावी, असा हदीसमधील आदेश आहे.

रुग्णसेवा व जोखमीची कामे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बाळंतपण करणारी परिचारिका, वाहनचालक, यंत्रावरील कामगार यांनी हातातील काम सोडायचे नसते. जीवरक्षण हे आवश्यक कर्तव्य असून त्यापुढे श्रेयस्कर कृत्य मागे सरते. नमाजालाही वेळेची मुदत असते. अजान होताच त्याच मिनिटाला पढणे अनिवार्य नाही.

शुक्रवारचा व्यापार. कुरआनाच्या ६२व्या अध्यायाच्या ९व्या आयतीत शुक्रवारच्या नमाजाची हाक झाल्यावर खरेदीविक्री सोडून निघण्याचा आदेश आहे. वर उल्लेखिलेल्या बहुतेक संकेतांपेक्षा याचे बंधन पुष्कळ कडक आहे. शुक्रवारी दोन अजान होतात. त्यांपैकी खुत्ब्यापूर्वीची प्रेषितांच्या काळापासूनची. तिच्या आधीची तिसरे खलिफा उस्मान यांनी मदीनेची वस्ती वाढल्यावर सुरू केली. व्यापार कोणत्या अजानला थांबवावा यावर मतभेद आहेत. हनफी मत पहिलीकडे, इतर बहुसंख्य दुसरीकडे झुकतात. नमाज संपताच पुन्हा उपजीविकेस लागावे असे लगेच पुढच्या आयतीत सांगितले आहे, हे सहसा सांगितले जात नाही. खुत्ब्याच्या अजानला हनफी परंपरेत तोंडी उत्तर न देता मनातल्या मनात देतात.

रमजान. या महिन्यात अजानला घड्याळाचे महत्त्व येते. सूर्यास्ताच्या (मगरिबच्या) अजानला रोजा सोडतात. खजूर किंवा पाण्याचा घोट आधी घ्यावा, उशीर करू नये, असा संकेत आहे. म्हणून अनेक मशिदींत अजान व नमाज यांत काही मिनिटांचे अंतर ठेवतात. पहाटे मात्र खाणे थांबवण्याची सीमा अजान नसून उषःकालाचा उदय ही आहे. अजान वेळापत्रकातील क्षणानंतर दिली जात असेल तर अजान संपेपर्यंत खात राहणे धोक्याचे ठरते. मदीनेत बिलाल उषःकालापूर्वी अजान देत व इब्न उम्म मकतूम उषःकाली. बिलालच्या अजाननंतर खाण्यास मुभा होती ती यामुळे. आजच्या एकाच अजानला तो दाखला लावता येत नाही.

रूढी आणि पंथभेद

महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी हनफी असले तरी कोकणी मुस्लिम समाज प्रामुख्याने शाफई आहे. शाफई अजानमध्ये दोन साक्षी आधी हळू व मग मोठ्याने म्हणतात. त्यामुळे वाक्यांची संख्या १९ होते. अस्रची वेळही त्यांच्याकडे लवकर लागते: वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की शाफई अस्र सुरू होते, हनफींत ती दुप्पट व्हावी लागते. रत्नागिरीचा माणूस नागपुरास पाहुणा गेला की त्याला तिसऱ्या प्रहरी अजान ‘उशिरा’ झाल्यासारखी वाटते ती यामुळे.

शिया अजानमध्ये ‘हय्य अला खैरिल अमल’ (सर्वोत्तम कार्याकडे या) हे वाक्य येते व बहुसंख्य शिया अलींच्या अधिकाराची साक्षही म्हणतात. दुपारच्या दोन व संध्याकाळच्या दोन नमाजा जोडून पढण्याची त्यांची रीत असल्याने शिया मशिदींत बहुधा तीनच वेळा हाक होते.

सुन्नींतील बरेलवी परंपरेत अजानपूर्वी दुरूद म्हणतात आणि अजानमध्ये प्रेषितांचे नाव आले की अंगठ्यांची नखे चुंबून डोळ्यांना लावतात. देवबंदी व अहले हदीस यांना या प्रथा निराधार वाटतात. विदर्भातील अनेक गावांत दोन्ही विचारांची माणसे एकाच मशिदीत येतात. अशा ठिकाणी दुसऱ्याच्या रीतीवर अजान चालू असतानाच टीका करणे, हा तरी सर्वांच्या मते शिष्टाचाराचा भंगच होय.

नवजात बालकाच्या उजव्या कानात अजान व डाव्या कानात इकामत म्हणण्याची प्रथा सर्वत्र आहे. तिच्यामागील हदीसांच्या बळकटीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण प्रथा जुनी व दृढ आहे. बाळाच्या कानात हळू आवाजात म्हणतात. तेथे कोणी उत्तर दिले नाही तरी चालते. भूकंप, अतिवृष्टी, साथ अशा संकटांत छपरावरून अजान देण्याची चालही काही भागांत आहे. तिच्या वैधतेवर एकमत नाही.

अजान स्थानिक भाषेत द्यावी असा प्रयोग तुर्कस्तानात झाला. तेथे १९३२पासून तुर्की भाषेतील अजान सुरू करण्यात आली; १९५० साली अरबी अजानवरील बंदी उठताच देशभर पुन्हा अरबी अजान सुरू झाली. मराठी मुस्लिमांत अजानचा अर्थ मराठीत सांगणारी पुस्तके व प्रवचने आहेत, मात्र हाक अरबीतच दिली जाते.

अरण्यप्रदेशात: हेमलकसा व परिसर

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथील दवाखाना, आश्रमशाळा व प्राण्यांचे अनाथालय वाढवले. परिसरातील मूळ वस्ती माडिया गोंड समाजाची असून त्यांची स्वतःची देवता-परंपरा आहे. राज्यात २०११च्या जनगणनेनुसार मुस्लिमांचे प्रमाण ११.५४ टक्के होते. गडचिरोलीत ते त्याहून पुष्कळ कमी आहे. नोकरी, कंत्राट, वाहतूक, व्यापार किंवा उपचार या निमित्ताने अशा भागात येणाऱ्या मुस्लिम व्यक्तीपुढे प्रश्न असतो तो अजान ऐकू आल्यावर काय करावे हा नसून, ती ऐकू येत नसता काय करावे हा.

यासाठी शास्त्रात तरतूद आहे. शहरात घरी नमाज पढणाऱ्याला मोहल्ल्याच्या मशिदीची अजान पुरते. प्रवाशाने व अरण्यात असलेल्याने मात्र एकटा असला तरी अजान व इकामत दोन्ही म्हणावी, निदान इकामत तरी म्हणावी, असे हनफी ग्रंथ सांगतात. बुखारीतील एका हदीसमध्ये अबू सईद खुदरी हे माळरान व शेळ्यामेंढ्यांची आवड असलेल्या एका माणसाला सांगतात की, रानात अजान देताना आवाज मोठा करावा, कारण तो ज्याच्या ज्याच्या कानी जाईल तो प्रत्येक जण पुनरुत्थानाच्या दिवशी त्याची साक्ष देईल. रानातल्या या अजानचा शिष्टाचार असा: उभे राहून, वजू करून, किब्ल्याकडे तोंड करून, कानांत बोटे घालून हाक द्यावी, ‘हय्य अलस्सलाह’ला मान उजवीकडे व ‘हय्य अललफलाह’ला डावीकडे वळवावी. जवळ दुसऱ्या धर्माची वस्ती, दवाखाना किंवा झोपलेली माणसे असतील तर आवाज सोबत्यांपुरता ठेवावा, हे तारतम्य वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

हेमलकशाहून किब्ल्याची दिशा पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे आहे. वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भामरागडचा भाग सुमारे ८०.५ अंश पूर्व रेखांशावर, तर मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशोबाने सूर्य येथे मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी उगवतो, माथ्यावर येतो व मावळतो. दोन्ही ठिकाणांचा अक्षांश जवळजवळ सारखा असल्याने हा फरक वर्षभर जवळपास तेवढाच राहतो. भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ अंशांच्या रेखांशापासून हेमलकसा फार दूर नाही. तेथील मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास होते, मुंबईची १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास. नागपूर किंवा चंद्रपूरच्या वेळापत्रकाशी मात्र फरक पाच-सहा मिनिटांचाच पडतो.

परिणाम उघड आहेत. मुंबईत छापलेले रमजानचे वेळापत्रक घेऊन येथे सेहरी करणारा उषःकालानंतर अर्धा तास खात राहील व त्याचा रोजा होणार नाही. संध्याकाळी तो विनाकारण अर्धा तास उपाशी राहील. मुंबईच्या मशिदीच्या थेट प्रक्षेपणावर अवलंबून राहणाऱ्याचेही तेच होईल. म्हणून दूरची अजान हे वेळेचे प्रमाण धरत नाहीत. ज्या गावी माणूस आहे तेथील सूर्य हेच प्रमाण. मोबाईलवरील वेळा स्थाननिश्चितीवर बेतलेल्या असतात. जाळे नसलेल्या पट्ट्यात यंत्र आधीच्या शहराच्या वेळा दाखवत नाही ना, हे तपासून घ्यावे. पावसाळ्यात ढगांमुळे सूर्य दिसत नाही आणि पर्लकोटेच्या पुराने रस्ता तुटला की भामरागड भागाचा बाहेरच्या जगाशी संपर्क कमी होतो. त्या दिवसांसाठी जिल्ह्याचे छापील वार्षिक वेळापत्रक जवळ ठेवणे हाच सोपा उपाय.

चंद्रपूरहून हेमलकशास येणारा माणूस हनफी मते प्रवासी ठरतो, कारण त्यासाठी लागणारे सुमारे ७७-७८ किलोमीटरांचे अंतर तो ओलांडतो. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर तो चार रकअतींच्या नमाजा दोनच रकअतींच्या पढतो. बदलीवर येऊन राहिलेल्या कर्मचाऱ्याला ही सवलत नाही.

ध्वनिक्षेपक

अजान चौदा शतकांची आहे, ध्वनिक्षेपक शंभर वर्षांचाही जेमतेम. तो अजानचा अविभाज्य भाग नाही, यावर शास्त्रदृष्ट्या फारसा वाद नाही. दूरवर आवाज पोचणे इष्ट असल्याने तो स्वीकारला गेला. भारतात ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक ध्वनिक्षेपकास बंदी असून निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात हे बंधन दृढ केले. फज्रची अजान वर्षातील बराच काळ सकाळी ६ पूर्वी होत असल्याने हा नियम तिला थेट लागू होतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये असे म्हटले की, अजान हा धर्माचा आवश्यक भाग असला तरी ध्वनिक्षेपक तसा नाही, आणि मिनारावरून केवळ मानवी आवाजात अजान देता येईल.

महाराष्ट्रात हा विषय २ एप्रिल २०२२ रोजी राज ठाकरे यांच्या गुढीपाडव्याच्या सभेनंतर तीव्र झाला. मशिदींवरील भोंगे ३ मेपर्यंत उतरवावेत, अन्यथा समोर हनुमान चालीसा लावू, अशी त्यांची भूमिका होती. त्या काळात अनेक मशिदींनी पहाटेची अजान ध्वनिक्षेपकाशिवाय देण्यास सुरुवात केली. त्याच महिन्यात जालना जिल्ह्यातील ढासला-पीरवाडी येथील ग्रामसभेने मात्र गावातील मशिदीचा भोंगा उतरवू नये असा ठराव केला. गावची कामे त्या पाच हाकांच्या वेळेवर बांधलेली आहेत, असे कारण ग्रामस्थांनी दिले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला येथील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नसल्याचे म्हटले आणि तक्रारदाराची ओळख उघड न करता टप्प्याटप्प्याने कारवाई करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर मुंबईतील काही मशिदींनी अजान मोबाईल अॅपद्वारे घरोघरी ऐकवण्याचा मार्ग अवलंबिला. या अजानला उत्तर द्यावे काय, हा थेट प्रक्षेपणाचा वरचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. मुस्लिम देशांतही मर्यादा आहेत: सौदी अरेबियाने मे २०२१ मध्ये मशिदींच्या बाह्य ध्वनिक्षेपकांचा आवाज कमाल क्षमतेच्या एक-तृतीयांशापर्यंत ठेवण्याचा आदेश काढला.

मुअज्जिनचाही शिष्टाचार असतो, हे या वादात झाकोळून जाते. वेळेआधी अजान न देणे, शब्द न ओढणे, गाण्यासारख्या ताना न घेणे, ध्वनिक्षेपक लावून त्यावर खोकणे-खाकरणे किंवा अजाननंतरच्या सूचना व भाषणे लांबवणे टाळणे, हे सर्व त्यात येते. एका अजानला तीन-चार मिनिटे लागतात. पुष्कळ तक्रारी तिच्या पुढेमागे जोडलेल्या आवाजाविषयी असतात.

मुस्लिमेतर शेजारी

अजानला उत्तर देणे, थांबणे किंवा उभे राहणे यांपैकी काहीही मुस्लिमेतरांकडून अपेक्षित नाही. चालू संभाषणात मुस्लिम सहकारी मध्येच गप्प झाला तर त्याला उत्तरासाठी घाई न करणे पुरेसे. कार्यालयात किंवा कारखान्यात शुक्रवारच्या दुपारची बैठक शक्य असल्यास पुढेमागे करणे ही सोय मागितली व दिली जाते. मशिदीवरून जाताना मिरवणुकीची वाद्ये थांबवण्याचा संकेत महाराष्ट्रातील अनेक गावांत आहे. तो कोठे लेखी, कोठे परंपरेने चालत आलेला आहे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलीनंतरच्या काळात वाजंत्री हा वादाचा विषय राहिला, तर दुसरीकडे वाळवा तालुक्यातील गोटखिंडी येथे १९८० पासून गावचा गणपती मशिदीतच बसवला जातो. गणेशोत्सवात अशा गावांतून अजानच्या वेळी ढोलताशा थांबतो आणि अजान संपल्यावर मिरवणूक पुढे निघते.